तीन नंबरचा फिका हिरवा

ज्या दिवशी आमचे हे मटाराच्या बर्फखोलीत कोंडले गेले, त्या दिवशी कॉम्प्युटरवर सगळं हिरवंगार दिसत होतं. हिरवं म्हणजे खोली रिकामी, लावा कुलूप. लावलं कुलूप. आत माणूस होता, माझा माणूस, अन् बाहेर आम्ही खोव्याची जलेबी खाऊन राहिलो होतो.

सांगते, पण मधे कोणी बोलायचं नाही. मधे बोललं की माझं डोकं फिरतं, हे साऱ्या गोरखपुरात, आमच्या मोहल्ल्यात, माहीत आहे. आणि गोष्ट माझी नाही, ह्यांचीही नाही. अंजनीची आहे. अंजनी म्हणजे माझी धाकटी जाऊ, माझा दीर अंबरीश, त्याची बायको.

पोरगी जवळच्या पाटन गावची. तिचे वडील मंडीत मटाराच्या ढिगासमोर उभे राहायचे, एक शेंग फोडायचे, दाण्याचा रंग बघायचे अन् सांगायचे, हा काल तोडलेला, हा परवाचा, ह्यावर पाणी मारलं आहे. तोच डोळा हिला आला. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, बाई काहीच बोलत नाही, मुकी आहे की काय. साडीच्या दुकानात गेलो तर दुकानदार ट्यूबलाइटखाली साड्या टाकून राहिलेला, अन् ही प्रत्येक साडी उचलून दारात नेते, उन्हात धरते, परत आणते. म्हणे, "ताई, हा मोरपंखी नाही, आत जाऊन निळा होतो." दुकानदार वैतागला. मी पण वैतागले. पण घरी आल्यावर माझीच साडी निळी निघाली अन् तिची नाही, आता बोला!

आम्ही सगळे एकाच ठिकाणी कामाला. पाटनच्या रस्त्यावर मटार गोठवायचा कारखाना आहे, तिथं. हे मिस्त्री, सगळी मशीनं ह्यांच्या हाताखालून जातात. मी पॅकिंगमध्ये, बायकांची मुकादम म्हणा. अंबरीश पिकअप चालवतो. अंजनी ऑफिसात कॉम्प्युटरवर गेटपास काढायची. अन् आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅनेजर, योगेश भैया. माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्याचं एक पाऊल नेहमी मोटारसायकलवरच असतं.

कारखान्यात गोठवलेला माल ठेवायच्या मोठ्या खोल्या आहेत. आत इतकी थंडी की ओला हात लोखंडाला लागला तर चिकटतो. पूर्वी कोण आत गेलं ते दाराजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचे. एकदा एका बाईची शाल घासली, नाव पुसलं गेलं, अन् एक मजूर आत असताना बाहेरून कडी लागली. पोट्टा दारावर लाथा मारून वाचला. त्यानंतर अंजनी योगेश भैयाला म्हणाली, "मी कॉम्प्युटरवर पाटी बनवू का?"

सगळे हसले. मी पण हसले, खोटं कशाला बोलू.

पण ती बसली. फोनवर हिंदीतले व्हिडिओ बघून पायथन शिकली. पायथन म्हणजे कॉम्प्युटरशी बोलायची एक बोली, एवढं मला तिच्याकडून कळलं. पोळ्या लाटता लाटता पुटपुटायची. भाजीला फोडणी देताना मधेच हात थांबवायची. मी म्हणायचे, "अगं, मोहरी जळून राहिली, तुझा कॉम्प्युटर काय तडतडतो आहे का?" हे तर तिला इंजिनियरबाई म्हणायचे. "इंजिनियरबाई, आज चहा मिळन की तो पण कॉम्प्युटरमधून येईन?" ती पदर सावरून चहा ठेवायची. ह्यांच्यासमोर तिचा कधी आवाज निघायचा नाही, भासरे ना ते, नवऱ्याचे थोरले भाऊ.

एक दिवस बघते तर गॅससमोर उभी राहून डोळे पुसून राहिली.

"काहून रडून राहिली?"

"ताई, रंग बदलूनच नाही राहिला. चौकोन बनवला, हिरवा दिला. मग चालू असतानाच सांगते, आता पिवळा हो. एका ओळीचं काम आहे. तर सगळी खिडकीच आखडून बसते, हलतच नाही."

मला यातलं काय कळणार! म्हटलं, नजर लागली असन. पण दोन-चार दिवसांनी नाचत आली. म्हणे, चूक सापडली. तिनं कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं की दाराकडे बघत राहा, एकसारखं, थांबूच नको. तो बिचारा बघतच बसला, रंग लावायला त्याला सवडच नाही. "दूध उतू जाईल म्हणून पातेल्यासमोरच उभी राहिले तर पोळ्या कोण करणार, ताई? बघायचं, पोळी लाटायची, पुन्हा बघायचं. तसं सांगितलं, तर लागला रंग बदलायला." त्या दिवशी तिनं शिरा केला, अन् चांगला केला.

पाटी लागली. प्रत्येक माणसाला पितळेचा एक बिल्ला. खोलीत शिरताना दाराजवळच्या हुकला बिल्ला अडकवायचा. वजनानं हुक खाली जायचा, तार टेकायची, अन् ऑफिसातल्या स्क्रीनवर त्या खोलीचा चौकोन हिरव्याचा पिवळा व्हायचा. माणूस जास्त वेळ राहिला तर लाल. बाहेर आला, बिल्ला काढला, पुन्हा हिरवा. कुलूप लावायच्या आधी योगेश भैयानं स्क्रीन बघायची, एवढा नियम.

पण अंजनी तेवढ्यावर थांबते होय? तिनं हिरव्यात पण प्रकार केले. खोलीतलं तापमान तारेनं कॉम्प्युटरला कळायचंच, त्यावरून ती रंग फिरवायची. खोली नीट थंड असली की गडद हिरवा, पालकासारखा. थंडी कमी झाली की फिका, कोवळ्या मटारासारखा.

योगेश भैया भडकला. "ये क्या फैशन शो है, दीदी? हरा मतलब हरा. एकच ठेवा."

ती खाली मान घालून म्हणाली, "राहू द्या ना भैया. रंगात थोडी बातमी असते."

हे तिथंच पाना घेऊन उभे होते. मोठ्यानं हसले. "अच्छा! आता आमची इंजिनियरबाई थंडी पण डोळ्यानं मोजणार!" पण बघत मात्र राहिले स्क्रीनकडे. बराच वेळ बघत राहिले.

आता खंडेनवमीचं सांगते.

आमच्या घराण्यात खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. सासऱ्यांचे आजोबा नागपूरकडून इकडे आले, घण-छिन्नीवर घर चालवलं. तेव्हापासूनचा नियम, नवमीला हत्यार पूजेत मांडलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याला विसावा. ह्यांनी ही पूजा कारखान्यात पण सुरू केली. बाकी सगळे हिंदीवाले, पण प्रसाद मिळतो म्हटल्यावर कोण नाही म्हणतं! अन् नियमाला हे इतके कडक की एका वर्षी अंबरीशनं बल्बचा होल्डर कसायला पूजेतला पेचकस उचलला, तर हे त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. सख्ख्या भावाशी!

त्या वर्षी चौरंगावर लाल कापड घातलं, पाने, हातोडे, छिन्न्या, करवती, सगळं मांडलं. झेंडूच्या माळा घातल्या. मग ह्यांनी आपल्या खिशातून बिल्ला काढला. "हा पण हत्यारच. जीव राखतो माणसाचा." ठेवला पूजेत. ते बघून सगळ्यांनी आपापले बिल्ले ठेवले. ह्यांनी मोबाईल पण ठेवला, त्यावर पण हळद-कुंकू. हॉलची लाईन बंद केली, मशीनांनाही आराम. बर्फखोल्यांची लाईन वेगळी, ऑफिसची वेगळी, ती चालू. खोल्यांत अडकलं तर दाबायची एक घंटी होती, पण ती वाजायची हॉलमधे, हॉलच्याच लाईनवर. कोणाच्या डोक्यात यायचं ते? कोणाच्याच आलं नाही.

आरती झाली. चौकीदार काकांनी बॅटरीवरचा स्पीकर आणला होता, त्यावर देवीची भजनं लावली. मी शिरा वाटून राहिले होते. योगेश भैयाला घाई, त्याच्या घरचे जवारे, नवरात्रात घटाशी उगवलेले गव्हाचे अंकुर, तिलवाऱ्याच्या घाटावर शिरवायचे होते, नर्मदेवर सगळं कुटुंब जाऊन थांबलेलं. जलेबीचा पुडा त्यानंच आणला होता, एक तुकडा तोंडात टाकला, ऑफिसात जाऊन स्क्रीनवर नजर मारली, सगळे चौकोन हिरवे. खोल्यांच्या दारांना कुलपं ठोकली, किल्ल्या खिशात, अन् गेला.

मधल्या वेळात काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. ह्यांनी भिंतीला कान लावला होता. तीन नंबरचा पंखा घासून राहिला होता, पात्यांना बर्फ धरला असणार. आता दोन दिवस सुटी, पंखा जळला तर माल गेला. मग हे गेले आत. बिल्ला? बिल्ला पूजेत. पूजेतलं उचलायचं नाही, स्वतःचाच नियम. पाना, पेचकस काहीच नाही, नुसत्या हातांनी बर्फ काढू म्हणाले असतील. जाकीट चढवलं, दार मागं ओढून घेतलं, कारण दार उघडं ठेवलं तर थंडी जाते, इतक्या वर्षांची सवय. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसणार? हुक रिकामा, दार बंद, स्क्रीन हिरवी.

मला वाटलं, हे अंबरीशबरोबर पिकअपनं गेले. अंबरीश बायकांना घरी सोडायला निघाला होता, हे पुढं बसले असतील. मी ताटं आवरून राहिले. राहिलो कोण, तर मी, अंजनी अन् चौकीदार काका.

अंजनी ऑफिसात पर्स घ्यायला गेली, ती परतच येईना.

मी ओरडले, "अगं चल ना, घरी पुरणाचं पडलं आहे!"

"ताई, जरा या."

मी हात पुसत गेले. ती स्क्रीनसमोर उभी. सगळे चौकोन हिरवे. म्हटलं, काय बघायचं यात?

"तीन नंबर काहून फिका?"

मला तर सगळे सारखेच दिसून राहिले होते. डोळे बारीक करून बघितलं, तेव्हा कुठं वाटलं, हो, हा थोडा उजळ आहे. मटारासारखा.

"दार उघडलं असन कोणीतरी मघाशी."

"कोणी? आज सुटी आहे. अन् दार उघडून लावलं असतं तर आतापर्यंत गडद व्हायला पाहिजे होता. हा फिकाच होत चालला आहे, ताई. बघा, पुन्हा झाला."

झाला खरंच. माझ्या डोळ्यांदेखत चौकोन अजून उजळ झाला. मला चीड आली, तिची की चौकोनाची, कोण जाणे. म्हटलं, "पंखा बिघडला असन. तुझ्या भासऱ्यांना फोन लावते, येऊन बघतील."

लावला फोन.

अन् घंटी वाजली. इथंच. हॉलमधे, चौरंगावर, झेंडूच्या माळांखाली ह्यांचा मोबाईल थरथरून राहिला, कुंकू उडून राहिलं. त्याच्या शेजारी ह्यांचा बिल्ला.

अंजनी बिल्ल्याकडे बघून राहिली. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी आधी तिलाच धरलं.

"बिल्ला इथं आहे ताई," ती म्हणाली. "मग स्क्रीनला काय माहीत कोण कुठं आहे ते?"

मी तशीच धावले. तीन नंबरच्या दारावर दोन्ही हातांनी मारलं. "अहो! अहो, आत आहात का?" दार हातभर जाड, आतली हाक बाहेर नाही, बाहेरची आत नाही. कान लावला, दाराचा पत्रा बर्फासारखा गार, अन् आत काहीच नाही. मी जोरात ओरडले, चौकीदार काकांना म्हटलं तो स्पीकर बंद करा आधी! भजन बंद झालं. तरी काहीच नाही.

अंजनीनं योगेश भैयाला फोन लावला. वाजतो, उचलत नाही. तिलवाऱ्याला ढोल-ताशे, गर्दी, खिशातला फोन कोणाला ऐकू येतो! पुन्हा लावला. पुन्हा. अंबरीशला लावला, तो म्हणाला, "दादा माझ्यासोबत नाही, मी आलोच." आलोच म्हणजे केव्हा? तो तर शहरात पोचलेला. अन् आमच्या हातात वेळ कुठं होता! मी कुलूप ओढलं, हिसडलं, हात सोलून निघाला. असं वाटलं दातांनी तोडावं.

"काका, हातोडा!"

चौकीदार काका चौरंगापाशी उभे, हात जोडलेले. "बाई, वो तो पूजा में है. मिस्त्रीजी ने ही कहा था, कल सवेरे तक हाथ नहीं लगाना. आज उठाया तो साल भर हथियार रूठा रहता है."

मी देवाधर्माची बाई आहे. तो चौरंग मी मांडला होता, त्या हातोड्यावर कुंकू मी लावलं होतं. अन् ज्याच्यासाठी उचलायचा, त्यानंच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, उचलू नका. तो आत मरून राहिला अन् मी त्याचा नियम पाळू?

"रूठने दो!" मी ओरडले. माळ तोडली, झेंडू सगळीकडे उधळले, सगळ्यांत मोठा हातोडा उचलला. देवी, तुला काय करायचं ते माझं कर, पण त्याचं नको करू.

पहिला घाव चुकला, दारावर बसला. दुसरा कडीवर. अंजनी कुलूप पकडून उभी राहिली, मी म्हटलं हात काढ, बोटं जातील, तर म्हणाली, "जाऊ द्या, तुम्ही मारा." मी मारत गेले. मला माहीत नाही किती. मी तेव्हा शिव्या देऊन राहिले होते, त्या कुलपाला, योगेश भैयाला, ह्यांना, ज्यानं थंडीचा शोध लावला त्याला. अन् एकदाची कडी उखडली.

दार ओढलं, तर आतून वाफेसारखा पांढरा लोट आला. काही दिसेना. मी आत शिरले, अंजनी मागोमाग. अन् मटाराच्या खोक्यांच्या मधे हे. खोकी आजूबाजूला रचून घेतलेली, अंगावर रिकामी पोती ओढलेली, गुडघे छातीशी. ओठ निळे. डोळे उघडे होते, पण मी कोण ते समजायला त्यांना वेळ लागला.

आम्ही दोघींनी ओढून बाहेर काढलं. उन्हात आणलं. मी त्यांना छातीशी धरलं, लाज गेली चुलीत. ते काहीतरी पुटपुटले. कान नेला. तर म्हणतात,

"हातोडा... पूजेतला?"

असं कोणी बघितलं आहे का? मरणाच्या दारातून आले अन् पहिला प्रश्न हा! मी त्यांच्या तोंडावर ओरडले, "हो! पूजेतला! अन् पुन्हा उचलीन! काय करायचं ते करा!" अन् ओरडता ओरडता रडायला लागले, अशी की चौकीदार काका पण रडायला लागले.

तेव्हा ते अंजनीकडे वळले. आमच्या घरात भासरा असा थेट धाकट्या सुनेकडे बघून बोलत नाही, पण बोलले. दात वाजून राहिले होते. "पंखा... मीच बंद केला. घंटी वाजली नाही. म्हटलं, पंखा बंद केला तर गरम होईन... फिका होईन. तू... बघशील."

अंजनीनं तोंडावर पदर धरला.

तर असं होतं ते. आम्ही बाहेर जलेबी खात होतो, अन् आत ह्यांनी पंख्याचा खटका बंद करून वाट बघत बसायचं ठरवलं होतं, की स्क्रीनवर एक चौकोन थोडा उजळ होईन अन् कोणाच्या तरी लक्षात येईन. कोणाच्या तरी नाही. त्यांना माहीत होतं कोणाच्या ते. ज्या रंगांना हसले होते, त्यांच्याच भरवशावर त्या माणसानं अंधारात जीव टांगून ठेवला होता.

गोरखपुरातल्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली, ती डॉक्टरांना काढावी लागली. योगेश भैया रात्री आला, ह्यांच्या पायाशी बसला, रडला. मी त्याला असं झापलं की नर्स धावत आली. पण मग चहा पण मीच पाजला. दोष कोणाकोणाला देणार? स्क्रीन हिरवी होती, त्यानं कुलूप लावलं, नियमानंच लावलं.

अंजनीला मात्र ते पचेना. दसऱ्याच्या सकाळी सगळे सोनं वाटत फिरून राहिले अन् ती दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले.

"ताई, चूक माझी आहे. मी चौकोन आधीपासून हिरवाच ठेवला होता. बिल्ला आला तर पिवळा, नाही आला तर हिरवा. म्हणजे काहीच माहीत नसलं तरी हिरवा! माझ्या हिरव्यानं दादांना आत कोंडलं."

मला राग आला, खरा राग. "अन् फिका कोणी दाखवला गं? माझ्या डोळ्यांना तर सगळे सारखे दिसत होते. तू पर्स घेऊन निघाली असतीस तर मी आज कपाळ पुसून बसले असते. पुन्हा असं बोललीस तर तोंड नाही बघणार तुझं."

तिनं डोळे पुसले. मग उठली अन् थेट कारखान्यात गेली, दसऱ्याच्या दिवशी. अंबरीश तिला सोडून आला. घरी पुरणपोळी तशीच राहिली.

तिनं पाटी बदलली. आता सकाळी कॉम्प्युटर चालू केला की सगळे चौकोन राखाडी असतात. राखाडी म्हणजे माहीत नाही. बिल्ला अडकवला तर पिवळा होतो, पण बिल्ला काढला तर हिरवा होत नाही, परत राखाडीच. संध्याकाळी कुलपाच्या आधी हजेरीतलं एकेक नाव पुकारायचं, माणसानं समोर येऊन "आहे" म्हणायचं, अंजनी बटण दाबणार, नाव पुढं सरकणार. शेवटचं नाव झाल्यावरच चौकोन हिरवे होतात. एक जरी राहिला तरी सगळे राखाडी. अन् चौकोन राखाडी असताना कुलपाला हात लावायचा नाही. योगेश भैयानं एकदा पण कुरकुर केली नाही. हिरव्यातले प्रकार काढून टाकू का, असं तिनं विचारलं, तर तोच म्हणाला, "नहीं दीदी, वो रहने दो."

नाव पुकारायचं काम मला दिलं. आवाज मोठा आहे ना माझा.

दिवाळीनंतर हे कामावर परत आले. हाताला पट्टी, तरी आलेच. दिवसभर तीन नंबरात पंखा नीट करत होते, बिल्ला हुकला लावून. संध्याकाळी सगळे ऑफिससमोर जमले. मी एकेक नाव घेऊन राहिले, माणसं "आहे", "आहे" म्हणून राहिली, अंजनी बटण दाबून राहिली. अन् स्क्रीनवर शेवटचं नाव आलं.

माझं तोंडच उघडेना.

लग्न झाल्यापासून मी ते नाव घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असन तेवढंच. घरात "अहो", बाहेर "आमचे हे", पोरांसमोर "तुमचे बाबा". त्या दारावर हात आपटतानासुद्धा माझ्या तोंडातून "अहो"च निघालं होतं. सगळे बघून राहिले. हे मागं उभे होते, मला माहीत होतं.

मी म्हटलं, "अहो."

पॅकिंगच्या बायका फिदीफिदी हसल्या. योगेश भैया पण हसला. चौकोन राखाडीच.

अंजनी हसली नाही. बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघून राहिली. "ताई, अहो असं नाव हजेरीत नाही. ज्याचं नाव घेतलं नाही, तो आत आहे असंच मी धरणार."

हॉलमधे पंख्यांचा आवाज तेवढा येऊन राहिला. मी पदर खोचला, वळून त्यांच्याकडे तोंड केलं अन् मोठ्यानं म्हटलं,

"भाऊराव!"

त्यांनी पट्टीचा हात वर केला.

"आहे."

अंजनीनं बटण दाबलं. चौकोन हिरवे झाले. तीन नंबर थोडा फिका होता, हे मघाशीच तिथून बाहेर आले होते ना. मग योगेश भैयानं कुलपं लावली अन् आम्ही सगळे घरी गेलो.